पाटावर आपण टेलचे, नदीवर आपण हेडचे

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. २०२३ च्या दिवाळीतल्या सहलीची आहे. तेव्हा लिहायचं राहून गेलं. आवर्तनाची चर्चा निघाली की दरवेळी ती सहल आठवते, म्हणून आज सगळं एकदाच लिहून काढतोय.

माझा पुतण्या मँचेस्टरला असतो. त्या वर्षी दिवाळीला सूनबाई आणि आठ वर्षांच्या मुलीला घेऊन येवल्याला आला. आल्या आल्या म्हणाला, "काका, यंदा हॉटेल नाही. मोटरहोम घेऊ. तिकडे आम्ही लेक डिस्ट्रिक्टला अशीच गाडी घेऊन हिंडतो. डोंगर, तळी, दिवसभर चालायचं, रात्री गाडीतच झोपायचं." आपल्याकडेही सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, हे त्याला माझ्याआधी माहीत होतं. पुण्याहून गाडी आली. टेम्पो ट्रॅव्हलरचीच, पण आत ओटा, पलंग, बाथरूम, छतावर सोलर आणि पोटात १२० लिटरची पाण्याची टाकी. सोबत ड्रायव्हरदादा. गल्लीत गर्दी जमली. कोणी म्हणालं, पैठणीच्या शूटिंगला हिरोईन आलीय.

आणि नेमका महिना कोणता? ३१ ऑक्टोबरला सरकारने राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. नाशिक जिल्ह्यातले त्यात तीन : मालेगाव, सिन्नर आणि आपलं येवला. शेजारी हसत म्हणाले, "वा मास्तर! इथे दुष्काळ लागला आणि तुम्ही निघाले तळी बघायला!"

ते मला लागलं. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलाय, पण आपल्या नळाचं पाणी नेमकं कुठून येतं हे मी कधी मुलांना दाखवलं नव्हतं. स्वतःही पाहिलं नव्हतं. मी पुतण्याला अट घातली. तळी बघू, डोंगरही चढू, पण पाणी ज्या वाटेने आपल्याकडे येतं त्या वाटेने उलटं जायचं.

सुरुवात अनकाईपासून केली. पहाटे गाडी पायथ्याला लावली आणि चढलो. अनकाई-टनकाई ही जोडी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. टनकाईच्या अंगाला जैन लेणी, अनकाईवर अगस्ती ऋषींचं स्थान, माथ्यावर कातळात खोदलेली टाकी. ही टाकी म्हणजे जुन्या लोकांचं पाण्याचं नियोजन. पाऊस पडेल तो वरच अडवायचा आणि वर्षभर मोजून वापरायचा, कारण शेजारून कोणी पाणी सोडणार नव्हतं.

वरून एक गोष्ट नीट दिसते. ही डोंगररांग पाणी वाटते. उत्तरेच्या उतारावर पडलेला थेंब गिरणेतून तापीला आणि पुढे अरबी समुद्राला जातो. दक्षिणेचा गोदावरीतून थेट बंगालच्या उपसागराला. आपला तालुका बहुतेक दक्षिणेच्या बाजूला आहे, पण वाटून घ्यायला मुळात थेंबच कमी. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस मीटरच्या हिशोबात पडतो आणि शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला येईपर्यंत ढग रिकामे झालेले असतात. नातीने विचारलं, अगस्ती कोण? मी सांगितलं, ज्याने समुद्र पिऊन टाकला तो. ती खाली बघून म्हणाली, "मग इथलं पण त्यानेच प्यायलं का?"

तिथून नांदूरमधमेश्वरला गेलो. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा हा बंधारा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी बांधला. त्यातून गोदावरीचे दोन कालवे निघतात, डावा कोपरगावकडे आणि उजवा राहात्याकडे. मागे साचलेल्या गाळात आणि उथळ पाण्यात पक्षी यायला लागले, ते इतके की २०२० मध्ये ही जागा महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरली. सूनबाई दुर्बीण लावून बदकं मोजत बसली. मी तिला म्हटलं, बघ, पाटासाठी बांधलेली भिंत आहे, पक्षी नंतर आलेत.

संध्याकाळी दिंडोरी तालुक्यात वाघाड धरणाच्या बाजूला मुक्काम. येवल्याचं पाणी इथून समजून घ्यावं लागतं. करंजवण, वाघाड, ओझरखेड, पुणेगाव, तिसगाव ही वरची धरणं. त्यांच्या खाली कादवेवर पालखेड. पालखेडच्या डाव्या कालव्याला आवर्तन सुटलं की ते निफाड ओलांडून आपल्याकडे येतं, आपले साठवण तलाव भरतात, आणि मग आपल्या नळाला पाणी. आपण या कालव्याच्या टेलला आहोत. टेल म्हणजे काय, हे येवलेकराला पुस्तकातून शिकावं लागत नाही. वरच्या गावांत मोटारी चालू असतात, दारं उचललेली असतात, आणि आपल्याकडे पाणी पोचेपर्यंत आवर्तन संपायला आलेलं असतं. पाटकऱ्याला फोन, अधिकाऱ्याला निवेदन, मग रास्ता रोको. राजापूर-ममदापूरकडच्या गावांना तर हा कालवाही नाही. त्यांचं आयुष्य टँकरवर गेलं. समुद्राकडे वाहून जाणारं पाणी बोगद्याने पूर्वेला वळवून पुणेगाव, दरसवाडी, डोंगरगाव अशा वाटेने आणायचं, या मांजरपाड्याच्या स्वप्नावर तिथल्या पिढ्या म्हाताऱ्या झाल्या.

वाघाडलाच थांबायचं कारण वेगळं होतं. या धरणाच्या कालव्याचं टेल ओझरला. तिथल्या शेतकऱ्यांनाही पाणी मिळत नव्हतं. नव्वदच्या सुमारास समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी त्यांना एकत्र करून पाणी वापर संस्था काढल्या. महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर या पहिल्या तीन. सरकारकडून पाणी मोजून घ्यायचं आणि आपसात आपण वाटायचं. पुढे वरच्या गावांच्याही संस्था झाल्या आणि धरणाचं सगळं लाभक्षेत्र शेतकऱ्यांच्या हाती आलं. भांडण हेडचं आणि टेलचंच होतं. ते मिटलं, कारण दोघं एका सतरंजीवर बसले आणि पाणी मोजायला लागले. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रात्री गंमत झाली. १२० लिटरची टाकी पुतण्याने आणि सूनबाईने संध्याकाळपर्यंत निम्मी संपवली होती. आंघोळ, भांडी, परत हात धुणं. बायकोने सूत्रं हातात घेतली. "अरे, नळ सोडून कसला हात धुतोस? तांब्या घे." भाजी धुतलेलं पाणी बादलीत, त्यात भांड्यांचा पहिला हात, शेवटचं पाणी झाडाला. उरलेल्या साठ लिटरमध्ये तिने पाच माणसांचे दोन दिवस काढले. पुतण्या म्हणाला, "काकू, तुम्ही तर एक्सपर्ट!" ती म्हणाली, "मी येवल्यात चाळीस वर्षं संसार केलाय. टाकीचा काटा मला बघावा लागत नाही."

दुसऱ्या दिवशी नाशिक ओलांडून घोटीकडे. वाटेत दारणा. १९१६ चं धरण, त्याच्या जलाशयाला इंग्रजांनी लेक बील नाव दिलं. नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्यात उन्हाळ्यात येणारं पाणी हे मुख्यतः इथून सुटलेलं. म्हणजे कोपरगाव-राहात्याचा ऊस आणि पेरू ज्या पाण्यावर वाढला ते पाणी इगतपुरीच्या पावसाचं.

ही धरणं इथे का आली, त्यामागे दुष्काळ आहे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळाने दख्खन मोडून काढलं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० ला पुन्हा तेच. सरकारने १९०१ मध्ये पाटबंधारे आयोग नेमला, १९०३ मध्ये त्याचा अहवाल आला. दुष्काळात धान्य आणि काम वाटत बसण्यापेक्षा सह्याद्रीच्या कुशीत पाणी अडवून पूर्वेच्या कोरड्या पट्ट्याला द्यावं, हा विचार त्या काळात पक्का झाला. दारणा, भंडारदरा ही त्याचीच फळं. पुढे ज्यांच्या नावाने आपण अभियंता दिन पाळतो त्या विश्वेश्वरय्यांची नोकरी १८८४ मध्ये नाशिकलाच सुरू झाली होती. उसाने सगळं पाणी पिऊ नये म्हणून त्याचं क्षेत्र बांधून देणारी ब्लॉक पद्धत त्यांनी नीरा कालव्यावर आणली. म्हणजे पाणी आलं की ऊस येणार आणि टेल कोरडं पडणार, हे सव्वाशे वर्षांपूर्वीच कळलेलं होतं.

दुपारी भंडारदरा. घाट उतरून जलाशय समोर आला तसा पुतण्या ओरडला, "सेम टू सेम लेक डिस्ट्रिक्ट!" खरंच देखणं होतं. रतनगडाच्या कुशीतून निघालेली प्रवरा, तिच्यावर २७० फूट उंच दगडी भिंत. काम १९१० मध्ये सुरू झालं, १९२६ मध्ये पूर्ण. क्षमता ११ टीएमसी. धरणाला गव्हर्नर लेस्ली विल्सनचं नाव आणि जलाशयाला आर्थर हिल या इंजिनिअरचं. पाण्याखाली ज्यांची भाताची खाचरं गेली त्यांच्या नावाची पाटी मी शोधली. मला ती दिसली नाही.

संध्याकाळी चहा घेताना मी पुतण्याला विचारलं, तुमच्याकडची तळी कोणी बांधली? तो म्हणाला, ती नैसर्गिक आहेत, हिमनद्यांनी कोरलेली. बरोबर आहे. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा, त्यावर हिमनद्या कधी फिरल्याच नाहीत. म्हणून आपल्या घाटमाथ्यावर मोठं पाणी दिसलं की समजायचं, धरण आहे. पण तुमच्या त्या लेक डिस्ट्रिक्टमधलं थर्लमिअर कुणासाठी उंच केलं ते माहीत आहे का? त्याला नव्हतं. मँचेस्टरसाठी. मूळच्या तळ्याला भिंत घालून १८९४ पासून दीडशे किलोमीटरवरून पाणी त्या शहराला नेलं. तेव्हा मोठा विरोध झाला. विरोध करणाऱ्यांत रॉन्सली नावाचे एक पाद्री होते. पुढच्याच वर्षी तिकडे नॅशनल ट्रस्ट स्थापन झाला, त्याच्या संस्थापकांत तेही होते. पुढे शेजारचं हॉजवॉटरही मँचेस्टरसाठीच अडवलं. १९३५ मध्ये मार्डेल नावाचं गाव पाण्याखाली गेलं. कबरी उकरून मृतदेह दुसऱ्या गावी नेऊन पुरले. मोठा दुष्काळ पडला की त्या गावाच्या भिंती अजून वर दिसतात आणि लोक बघायला गर्दी करतात.

पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, म्हणजे मी रोज तेच पाणी पितो." मी म्हटलं, मीही तेच करतो. फक्त माझ्याकडे ते पाच-सहा दिवसांनी येतं.

तिसऱ्या दिवशी बारी गावातून कळसूबाई. १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर. बायको पायथ्याला थांबली, बाकी आम्ही निघालो. मला साडेतीन तास लागले, नात माझ्या पुढे. लोखंडी शिड्यांवर गुडघे बोलायला लागले होते. कळसूची कहाणी बारीत सगळे सांगतात. कामाला राहिलेली पोर, भांडी-केर करणार नाही अशी तिची अट. मालकाने अट मोडली तशी ती उठली आणि डोंगरावर निघून गेली. देवी झाली ती अट न मोडणारी म्हणून.

माथ्यावर देवळाजवळ बसलो. दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी चमकत होतं, पश्चिमेकडे अलंग, मदन, कुलंग. मी नातीला बाटलीतलं पाणी दोन्ही बाजूंना थोडं थोडं ओतायला लावलं. दक्षिणेला ओतलेलं प्रवरेला जाईल, भंडारदरा, अकोले, संगमनेर करत. उत्तरेला ओतलेलं दारणेतून गोदावरीला, नांदूरमधमेश्वर, कोपरगाव करत. आणि ही दोन्ही पाणी पुन्हा भेटणार नेवाशाजवळ प्रवरासंगमला. तिथून जायकवाडीच्या नाथसागरात, पैठणला. वेगळ्या जिल्ह्यांची, वेगळ्या कालव्यांची, एकमेकांवर केस करणारी ही पाणी एकाच देवळापासून निघतात आणि एकाच तळ्यात संपतात. शाळेत तीस वर्षं नकाशा फळ्याला टांगून मी हे शिकवलं असेल, पण मला ते त्या दिवशी पटलं.

चौथ्या दिवशी जलाशयाला वळसा घालून रतनवाडीला. अमृतेश्वराचं मंदिर पाहिलं, तिथून साम्रद आणि घाटघरच्या कड्यापर्यंत चाललो. घाटघरला २००८ पासून २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे. वरच्या तलावातलं पाणी कड्याखाली सोडून वीज करायची आणि विजेची मागणी कमी असेल तेव्हा तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवायचं. माणसाने ठरवलं तर पाणी कडाही चढतं.

परतताना टाकी तळाला गेली. एका पाड्यावर हापसा दिसला म्हणून गाडी थांबवली. हंडे लावलेल्या एका बाईंना विचारलं, ताई, थोडं पाणी भरू का? त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग समोरच्या जलाशयाकडे, आणि हसल्या. "भरा की. आता दिवाळीला आहे. फाल्गुनानंतर आला असता तर नाही म्हणाले असते." मी विचारलं, एवढं धरण समोर असताना? "ते खालच्यांचं आहे, दादा. आम्हाला नुसतं दिसतं."

त्यांच्या पणजोबांची जमीन कुठे होती, ते त्यांनी हाताने दाखवलं. हात पाण्याकडे होता.

इतिहासाचा माणूस म्हणून एवढंच सांगतो. दारणा आणि भंडारदऱ्याच्या वेळी हातात होता तो १८९४ चा भूसंपादन कायदा. जमिनीची किंमत ठरवायची, पैसे द्यायचे, माणूस कुठे जाईल हा सरकारचा प्रश्नच नव्हता. भंडारदऱ्याचं काम चालू असतानाच १९२१ मध्ये मुळशीला सेनापती बापटांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह उभा केला, पण कायदा बदलला नाही. धरणग्रस्ताचं पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी आहे, असं सांगणारा कायदा महाराष्ट्रात आला १९७६ मध्ये. भंडारदऱ्याची भिंत पूर्ण झाली त्यानंतर पन्नास वर्षांनी. आणि हे डोंगर काही मुकाट नव्हते. याच अकोले तालुक्यातल्या देवगावच्या राघोजी भांगऱ्यांनी महादेव कोळ्यांचं बंड उभारलं आणि १८४८ मध्ये ठाण्याला फाशी पत्करली.

आम्ही चाळीस लिटर भरलं आणि थांबलो. बायको म्हणाली, बास. घरी जाईपर्यंत पुरेल.

पाचवा दिवस परतीचा. वाटेत निळवंडे धरण. १९७० मध्ये मंजुरी मिळालेला प्रकल्प. त्याच्या डाव्या कालव्याचं उद्घाटन आम्ही जायच्या जेमतेम तीन आठवडे आधी, २६ ऑक्टोबर २०२३ ला पंतप्रधानांनी शिर्डीत केलं होतं. त्रेपन्न वर्षं. अकोल्यात प्रवरेच्या काठी अगस्ती आश्रमात गेलो. नातीने लगेच ओळखलं, "हा तर आपला अनकाईवाला!" हो, तोच. कोरड्या डोंगरावरही तोच आणि भरल्या नदीच्या काठीही तोच.

पुढे संगमनेर, मग सगळा उसाचा मुलूख. याच प्रवरेच्या पाण्यावर लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना सुरू केला. सामान्य शेतकरी कारखान्याचा मालक झाला, ही मोठी गोष्ट, ती नाकारायची नाही. पण दुष्काळात माणसं जगवायला बांधलेल्या पाण्याचा मोठा वाटा साखरेत गेला, हेही खरं.

आता मुद्द्यावर येतो.

आम्ही त्या तळ्यांच्या काठी झोपत होतो तेव्हा ३० ऑक्टोबरचा एक आदेश निघालेला होता. जायकवाडी पावसाळा संपताना निम्मंही भरलं नव्हतं. म्हणून वरच्या धरणांतून ८.६ टीएमसी पाणी सोडायचं. मुळा २.१०, भंडारदरा-निळवंडे ३.३६, गंगापूर ०.५ आणि दारणा समूह २.६४३. नाशिक आणि नगरमध्ये (आता अहिल्यानगर) रान पेटलं. मोर्चे, याचिका, सुप्रीम कोर्टापर्यंत. शेवटी नोव्हेंबर संपता संपता पाणी सुटलं.

आकडा डोक्यात उतरावा म्हणून हिशोब करतो. एक टीएमसी म्हणजे साधारण २८३१ कोटी लिटर. येवला शहराची लोकसंख्या २०११ ला पन्नास हजाराच्या आसपास. माणशी रोज १३५ लिटर धरलं तर एका टीएमसीत एवढ्या वस्तीची अकरा वर्षं निघतात. ८.६ टीएमसीत जवळपास शंभर. मग राग येणारच. नाशिककरांचे मुद्देही खोटे नाहीत. कोरड्या नदीपात्रातून जाताना पाणी जिरतं, वाटेत उपसलं जातं, आणि वरच्या तालुक्यांतही दुष्काळ जाहीर झालेला असतो.

मीही तेव्हा चिडलो होतो. ‘थेंबभरही पाणी जाऊ देणार नाही’ असा एक मेसेज ग्रुपवर फिरत होता, तो मी पुढे ढकलला होता. सहलीला निघण्याच्या दोनच दिवस आधी. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

कारण पाच दिवसांत मला दिसलं ते असं. पालखेडच्या पाटावर आपण टेलचे. तिथे आपण म्हणतो, वरच्यांनी आधी आपलं भागवून उरलं तर सोडायचं, हा अन्याय आहे. पण नदीवर आपला जिल्हा हेडचा आहे. पैठण, शेवगाव, गंगापूरचा माणूस नाशिककडे ज्या नजरेने बघतो, त्याच नजरेने आपण निफाडकडे बघतो. पाटावर एक न्याय आणि नदीवर दुसरा, असं मागता येत नाही. आणि पाण्याच्या उगमाशी बसलेली ती हापशावरची बाई तर दोन्हीकडे नाही. नकाशात ती सगळ्यात वर आहे आणि वाटपात सगळ्यात खाली.

२००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यात समन्यायी वाटपाचं कलम आहे. मेंढेगिरी समितीने त्यासाठी सूत्र दिलं, २०१४ मध्ये प्राधिकरणाने त्यावर आदेश दिला. सूत्र जुनं झालं असेल, आकडे पुन्हा तपासावे लागतील. जरूर तपासा. गळती मोजा, उसाचं मोजा, शहरांचं मोजा. पण मोजणं आणि ‘थेंबभरही नाही’ म्हणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओझरच्या शेतकऱ्यांनी एका कालव्यावर हे करून दाखवलं. नदी मोठी आहे, मान्य. पण तत्त्व तेच आहे.

आणि येवलेकरांनी तरी हे विसरू नये. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेब आपल्या गावात बोलले, ती घोषणा आपल्याला पाठ आहे. त्याआधी आठ वर्षं, १९२७ मध्ये, त्यांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, हेही पाठ आहे. त्यानंतरचा भाग फार कमी लोक सांगतात. १९४२ ते ४६ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्याकडे होते. दामोदर, हिराकूडची पायाभरणी त्या काळातली. नदीला प्रांतांच्या हद्दींत तोडू नका, सगळं खोरं एक धरून नियोजन करा, ही भूमिका त्यांनी लावून धरली. तळ्यावरचा हक्क मागणारा माणूस पुढे अख्ख्या नदीचा विचार करत होता. मुक्तिभूमीच्या गावात राहून आपण एका जिल्ह्यापुरतीच नदी बघायची का?

शेवटची गोष्ट. परतीला कोपरगाव सोडलं आणि सूनबाईने पैठणी घ्यायची आठवण केली. मागावर बसलेल्या विणकराशी बोलताना तिने विचारलं, पैठणी येवल्याची की पैठणची? त्याने परंपरेने चालत आलेली गोष्ट सांगितली. रघोजी नाईकांनी येवलं वसवलं तेव्हा पैठणहून कारागीर आणले. मी मनात म्हटलं, खालच्या गावाने वर माणसं पाठवली, हातातली कला पाठवली, त्यावर आपलं गाव शतकानुशतकं जेवतंय. आता त्या गावाला वरून पाणी जायचं म्हटलं तर आपण रस्ता अडवतो.

तो मेसेज मी त्या रात्री ग्रुपवरून काढला. काढायला उशीर झाला होता, लोकांनी पुढे पाठवलेला होता. म्हणून ही पोस्ट.

गाडी दुसऱ्या दिवशी पुण्याला परत गेली. देताना ड्रायव्हरदादांनी टाकीचा काटा पाहिला. अकरा लिटर शिल्लक होतं. बायकोने ते बादलीत काढून तुळशीला घातलं.

तुमच्यापैकी कोणाच्या घरात दारणा, भंडारदरा, जायकवाडी किंवा पालखेडच्या वरच्या धरणांत जमीन गेलेल्या आजी-आजोबांच्या आठवणी असतील, तर खाली जरूर लिहा. गावाचं नाव लिहा, काय पिकत होतं ते लिहा. पाटीवर नाहीत ती नावं निदान इथे तरी राहू देत.